चोखोबाची फिर्याद आणि स्टुडिओतल्या टाळ्या

मराठी वाहिन्यांवरील गाण्यांच्या स्पर्धांमध्ये आषाढी एकादशीचा खास भाग हा आता ठरलेला प्रकार झाला आहे. मागे विठ्ठलाची भव्य मूर्ती, दोन्ही बाजूंना टाळ घेतलेली मुले, पायाशी धुराचे लोट आणि मधोमध सिनेमात व अल्बममध्ये गाजलेला एखादा लोकप्रिय गायक. तो 'अबीर गुलाल' सुरू करतो. पहिल्या कडव्यातच प्रेक्षक डोलू लागतात, परीक्षक डोळे मिटतात आणि गाणे संपताच सारा स्टुडिओ उभा राहून टाळ्या वाजवतो. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी तरळते आणि कॅमेरा नेमका तेथेच थांबतो. मग साक्षात पांडुरंगाचे दर्शन झाले, अशी पावती परीक्षक देऊन टाकतात.

दर्शन झाले असेल, त्यांना! ज्याने हा अभंग रचला त्याला मात्र दर्शन नाकारले होते आणि अभंग नेमके तेच सांगतो.

हा अभंग संत चोखामेळा यांचा. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी तो घरोघरी पोचवला. वरवर पाहता त्यात उत्सव आहे, उधळण आहे, नाचणे आहे. पण त्या उत्सवाच्या मध्येच एक प्रश्न उभा आहे. आम्हांला तुम्ही जातीने हीन ठरवले, मग आम्ही त्या उंबऱ्याला हात कसा लावायचा आणि आतले रूप पाहायचे तरी कसे? या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. म्हणून ही माणसे बाहेर वाळवंटात गातात आणि चंद्रभागेत न्हातात. बाकीचे वारकरी वाळवंटात नाचून झाल्यावर देवळात जात. चोखोबाला वाळवंटापलीकडे वाटच नव्हती.

वकिलीच्या धंद्यात कागद वाचताना एक सवय जडते. शब्द कितीही फुलोऱ्याचे असोत, मागणी काय आहे ते आधी शोधायचे. त्या सवयीने चोखोबाचे अभंग वाचले की त्यातले बरेचसे अभंग फिर्यादी आहेत हे लक्षात येते. बडव्यांनी मारले, असा काय अपराध घडला, आता तू धावून ये, असे सांगणारा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. त्यात आरोपी कोण ते आहे, कृत्य आहे, अपराध नसल्याचे निवेदन आहे आणि कोणता दिलासा हवा तेही आहे. आज अशी तक्रार आली तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागेल. (अर्थात ठाणे अंमलदार आधी अदखलपात्र नोंद करून फिर्यादीला घरी पाठवू पाहील, हा अनुभव आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही.) 'अबीर गुलाल'मध्ये मारहाण नाही, मज्जाव आहे. संविधानाच्या कलम १७ ने आणि कलम २५(२)(ब) ने ज्याचा बंदोबस्त केला, तोच हा मज्जाव.

मराठीत कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. चोखोबाने दाद मागितली होती. स्टुडिओतल्या मंडळींनी ती दिली, पण दुसरी!

चोखोबाच्या घरातली सगळीच माणसे अभंग रचत होती. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. त्यातला कर्ममेळा तर बापापेक्षाही परखड. किशोरीताई आमोणकरांच्या कंठातून 'अवघा रंग एक झाला' ऐकून ज्यांच्या अंगावर काटा आला, त्यांतल्या किती जणांना ठाऊक होते की ही रचना सोयराबाईंची आहे? त्या अभंगाच्या शेवटी सोयराबाई सही करतात ती चोखोबाचे नाव आणि आपली जात अशा दोन्हींनिशी. गायक तो शब्द स्वच्छ उच्चारतो, तान घेऊन समेवर येतो आणि टाळ्या पडतात. गाणे उतरून वस्तीच्या नळावर कुणी तोच शब्द उच्चारला तर काय होते हे आपण जाणतो. मंचावर मात्र तो सुराच्या आड दडून जातो, कुणालाच खटकत नाही.

चोखोबांचा अंत परंपरेनुसार १३३८ साली मंगळवेढ्यात झाला. गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरची माणसे तिच्याखाली गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, पण समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेर. मेल्यावरही आत जागा नाही! ते दार आपल्या लोकांना उघडले ते साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केल्यानंतर. १३३८ आणि १९४७ यांच्यामध्ये ६०९ वर्षे आहेत. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. पण बडवे कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द येण्यास जानेवारी २०१४ उजाडला. चोखोबाच्या फिर्यादीतील आरोपींच्या गादीचा निकाल आपल्या डोळ्यांदेखत लागला आहे. त्या आषाढीला कोणत्या वाहिनीने या निकालाचा उल्लेख करून अभंग गायला लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ऐकणाऱ्याला सूर ऐकू येतो आणि दुःख ऐकू येत नाही, हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील काळ्या गुलामांनी मळ्यांवर राबताना रचलेली भक्तिगीते जगप्रसिद्ध आहेत. गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस याने १८४५ साली आपले आत्मकथन लिहिले. उत्तरेतले गोरे लोक गुलामांचे गाणे ऐकून ते सुखात आहेत असे समजतात, याचे त्याला आश्चर्य वाटले होते. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखी असताना, असे त्याने बजावले. पुढे फिस्क विद्यापीठाच्या काळ्या विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाने १८७१ पासून ही गीते जगापुढे नेली. त्यातलेच 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' हे गीत १९८८ पासून इंग्लंडच्या रग्बीप्रेमींनी ट्विकनहॅमच्या मैदानावर घोषगीत करून टाकले. हजारो गोरे लोक बिअरचे पेले उंचावून हावभाव करीत मरणाचे आणि मुक्तीचे ते गीत गात राहिले. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर तिथल्या रग्बी संघटनेला जाग आली आणि गाणाऱ्यांपैकी अनेकांना या गीताचा इतिहासच ठाऊक नाही, हे तिला मान्य करावे लागले. निदान मान्य तरी केले! बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले, त्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी या गीतांना शोकगीते म्हटले होते आणि आपल्या १९०३ च्या ग्रंथातले अख्खे प्रकरण त्यांना दिले होते.

आता आपल्या घरात येऊ. कारण टीव्ही आपल्याही घरात आहे आणि तो कार्यक्रम आपणही पाहतो.

मुलुंडच्या एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर हा विषय निघाला आणि अर्धा तास वाद झाला. संगणक कंपनीत काम करणारा एक तरुण तावातावाने म्हणाला, "वकीलसाहेब, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर विठ्ठलाचं गाणं घरात लावायचंच कशाला? चॅनल बदला, विषय संपला." त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. एका शिक्षिकाताईंचा आक्षेप वेगळा होता. त्या म्हणाल्या, "गाणं लागू दे. पण परीक्षक रडतात ते नेमकं कशासाठी, हे त्यांना कुणी विचारत का नाही?" तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या आजी बोलल्या, "माझ्या सासूबाई वारीला जायच्या. दारापासून हात जोडून परत यायच्या. आत काय आहे ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. हे गाणं त्या जात्यावर म्हणायच्या, तवा आम्हाला वाटायचं त्या स्वतःचंच सांगत्यात." तरुण गप्प झाला. आजी मात्र लगेच पुढे म्हणाल्या, "पण मी नाही म्हणत. मी बुद्धाची झाले."

या तीन प्रतिक्रियांत आपल्या चळवळीचा सारा पेच आलेला आहे. चोखोबांना आपण पूर्वीच बाजूला ठेवले, आणि त्याला कारण होते. काही अभंगांत ते आपल्या जन्माचा दोष पूर्वकर्मावर टाकतात. ज्याला लढायचे आहे त्याला हे चालणार नाही. जातिनिर्मूलनावरील भाषणाला गांधीजींनी संतांचे दाखले देऊन उत्तर दिले, तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की, संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला नाही. माणसे देवाच्या दृष्टीने समान आहेत असे ते म्हणाले. माणसे माणसाच्या दृष्टीने समान आहेत असे म्हणाले नाहीत. संताने जात मोडली तर त्याचा गौरव होतो आणि सामान्य माणसाने मात्र ती पाळायचीच असते, हेही बाबासाहेबांनी दाखवून दिले. स्टुडिओतल्या टाळ्यांचे याहून अचूक विश्लेषण मला कुठे सापडलेले नाही. चोखोबाला उभे राहून मानवंदना, आणि इमारतीत भाडेकरू ठेवताना आडनावाची चौकशी!

पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, हेही विसरता येत नाही. याचा अर्थ बाबासाहेबांनी विठ्ठल स्वीकारला असा कोणी काढू नये. मी त्याचा अर्थ असा लावतो की, शिकवण नाकारता येते पण साक्षीदार नाकारता येत नाही. चोखोबांच्या अभंगातला देव आपला नाही. त्यातला उंबरा, तो मज्जाव, ती मारहाण मात्र आपल्या पूर्वजांची जबानी आहे. ही जबानी आपण टाकून दिली म्हणूनच ती प्रस्थापितांच्या हाती भजन होऊन गेली. चॅनल बदलणे सोपे आहे, पण पुराव्याचा कागद विरोधी पक्षाच्या ताब्यात देऊन कोणी केस जिंकत नाही.

दुसरा प्रश्न गाणाऱ्याचा आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २०१५ च्या ग्रॅमी सोहळ्यात बियॉन्से या विख्यात पॉप गायिकेने डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे आवडते भक्तिगीत गायले. डॉ. किंग यांच्या लढ्यावरील 'सेल्मा' या चित्रपटात ते लेडिसी या गायिकेने गायले होते. गाजलेल्या नावासाठी तिला का डावलले, असा जाब काळ्या प्रेक्षकांनीच विचारला. बियॉन्सेही काळीच, तरीही जाब विचारला गेला. आपण असा जाब कधी विचारला?

कालकथित प्रल्हाद शिंदे यांचेच पाहा. शिंदे घराण्याचे मूळ मंगळवेढ्याचे, म्हणजे चोखोबा जिथे गाडले गेले त्याच गावचे. 'पाऊले चालती पंढरीची वाट' या गीतातला त्यांचा आवाज एकादशीला उभ्या महाराष्ट्रात लाऊडस्पीकरवर लागतो. त्याच आवाजाने भीमगीतेही गायली. पंढरीची वाट दाखवायला हा आवाज चालतो, पण त्याच आवाजातले भीमगीत मंचावर यायला १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर उजाडावा लागतो. स्टार प्रवाहने २०१९ मध्ये बाबासाहेबांवर मालिका आणली हे चांगलेच झाले. पण स्पर्धेच्या एखाद्या साध्या सोमवारी, कोणताही दिनविशेष नसताना, महाकवी वामनदादा कर्डकांची रचना एखाद्या स्पर्धकाला दिली जाते का? मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी, घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ च्या पोलीस गोळीबारात १० जण मारले गेल्यावर, काही दिवसांतच आपले जीवन संपवले. त्यांचा आवाज जगभर गेला तो आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मुळे. गोरेगावच्या चित्रनगरीतून मुलुंडला जायला तासभर लागतो. त्या आवाजाची दखल घ्यायला तेथून कुणी आले नाही.

विहारातल्या त्या चर्चेनंतर आम्ही एका वाहिनीला पाठवण्यासाठी पत्राचा मसुदा तयार केला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. चोखोबा, सोयराबाई किंवा कर्ममेळा यांचा अभंग गायला जाण्यापूर्वी निवेदकाने रचनाकाराचे नाव सांगावे आणि त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता हे सांगावे. अभंगाचे शब्द पडद्यावर लिहून दाखवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला ते वाचता येतील. आणि भीमगीते व शाहिरी यांना दिनविशेषाच्या बाहेरही स्पर्धेत स्थान द्यावे. कार्यक्रम बंद पाडण्याची, सेटवर मोर्चा नेण्याची भाषा त्यात मुद्दाम ठेवलेली नाही. काही तरुण त्यावर नाराज आहेत, असोत. आजींनी पहिली सही केली आणि शिक्षिकाताईंनी दुसरी. संगणकवाल्या तरुणाने सही करण्यापूर्वी मसुद्यात एक वाक्य वाढवून घेतले: आम्ही बौद्ध आहोत, हा अभंग आम्ही पूजेसाठी ऐकत नाही. ते वाक्य मी तसेच ठेवले आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर भागांतील ज्या विहारांना हे पत्र आपल्या शिक्क्यानिशी पाठवायचे असेल त्यांनी आषाढीच्या किमान महिनाभर आधी पाठवावे, कारण या कार्यक्रमांचे चित्रीकरण आधीच उरकलेले असते.