शास्त्रज्ञांची खतावणी

विज्ञान शाखेचे मित्र आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना 'हिशेबी' म्हणून चिडवतात. परंतु आज शास्त्रज्ञांचाही हिशेब ठेवला जातो, आणि त्याची रीत आपल्या खतावणीहून फारशी निराळी नाही. ती समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण प्राध्यापकांची नेमणूक, बढती आणि संशोधनाचे अनुदान यांवर तिचा परिणाम होतो.

शास्त्रज्ञ नवे काही शोधतो तेव्हा शोधनिबंध लिहितो. आपण कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला याची यादी तो शेवटी देतो. अशा प्रत्येक उल्लेखाला 'सायटेशन' म्हणतात. ज्याचा उल्लेख झाला त्याच्या खाती तो जमा होतो. अमेरिकेतील युजीन गारफील्ड या रसायनशास्त्राच्या पदवीधराने १९६४ साली या नोंदींची मोठी सूची छापून काढली. जुन्या खटल्यांचा आधार पुढे कोठे घेतला गेला हे दाखवणाऱ्या वकिलांच्या सूचीवरून त्यांना ही कल्पना सुचली.

पुढे २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' सुचविला. समजा, एकाचे सहा निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे ४०, १२, ७, ४, ३ व १ आहेत. चार निबंधांना किमान चार-चार उल्लेख आहेत. पाच निबंधांना पाच-पाच नाहीत. म्हणून त्याचा निर्देशांक ४. गंमत अशी की, ज्याच्या चारच निबंधांना प्रत्येकी चारच उल्लेख आहेत, त्याचाही निर्देशांक ४ च येतो. पहिल्याच्या ४० उल्लेखांच्या निबंधाचे महत्त्व या आकड्यात दिसतच नाही.

आता आपल्या दोन भाषांतील दोन थोर नावे घेऊ. बंगळूरचे डॉ. सी. एन. आर. राव १९५३ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयातून एम. एस्सी. झाले; कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर तेथूनच १९५७ साली बी. एस्सी. झाले. राव यांनी घन पदार्थांच्या रसायनशास्त्रात दीड हजारांहून अधिक निबंध लिहिले, त्यांचा एच-निर्देशांक २०१३ साली १०० वर पोचला आणि २०१४ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

हाच गज नारळीकरांना लावता येईल काय? रसायनशास्त्रात प्रयोगशाळा असते, हाताखाली अनेक विद्यार्थी असतात, जगभर संशोधकही पुष्कळ. साहजिकच निबंध व उल्लेख दोन्ही वाढतात. नारळीकरांचे विश्वरचनेवरील काम मुख्यतः कागद-पेन्सिलीचे. १९६४ साली फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्व महास्फोटातून जन्मले हे बहुसंख्यांचे मत त्यांनी शेवटपर्यंत मान्य केले नाही. अशा सिद्धांताचा उल्लेख कोणी पाठिंब्यासाठी करतो, कोणी खंडनासाठी. या खतावणीत दोन्ही जमेलाच पडतात! शिवाय १९८८ साली पुण्यात त्यांनी उभारलेली 'आयुका' संस्था आणि मराठीतल्या त्यांच्या विज्ञानकथा यांसाठी या वहीत रकानाच नाही. २०२५ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांना आठवणाऱ्या कित्येक मराठी वाचकांनी त्यांचा एकही शोधनिबंध पाहिला नसेल.

एकाच शास्त्रातही हिशेब चुकतो. गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर करणाऱ्या २०१६ सालच्या निबंधावर सुमारे हजार लेखकांची नावे आहेत. त्याचा प्रत्येक उल्लेख त्या सर्वांच्या खाती पूर्ण जमा होतो. आमच्या शाखेत असा ताळेबंद कोणताही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही.

याचा अर्थ मोजणी टाकाऊ आहे, असे नव्हे. कोणाचे काम कोठवर पोचले हे तिच्यावरून कळते. मात्र उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. केवळ आकड्यांवर बढती ठरू लागली, की एका निबंधाचे तीन तुकडे होतात, मित्र मित्राचा उल्लेख करतो, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघतात. निबंध कोणत्या नियतकालिकात छापला एवढ्यावरून संशोधकाची किंमत ठरवू नये, असे आवाहन २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनीच केले.

कन्नडमध्ये हिशेबाला 'लेक्क' म्हणतात. लेक्क अवश्य ठेवावा. पण पुढे संशोधनासाठी मार्गदर्शक निवडणाऱ्या आपल्या मित्रांनी आकडा पाहून झाल्यावर त्यांचा एखादा निबंध उघडून वाचावाही. वही तपासताना आपण पावत्या पाहतोच ना?