प्रसिद्धीपूर्वीचा पहिला वाचक : फॅनफिक्शनमधील ‘बीटा’ची भूमिका

आवडत्या कादंबरीतील, मालिकेतील किंवा चित्रपटातील पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथांना ‘फॅनफिक्शन’ म्हणतात. या लेखनाला बहुधा मानधन नसते, प्रकाशक नसतो आणि संपादकही नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी चाहत्यांनीच ‘बीटा रीडर’ची प्रथा रुजवली. कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी तिचा कच्चा खर्डा वाचून त्यातील उणिवा दाखवणारा, विनामोबदला काम करणारा सहवाचक म्हणजे बीटा.

ही संज्ञा संगणक क्षेत्रातून आली. नवी संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली करण्याआधी मोजक्या वापरकर्त्यांकडून तपासून घेतली जाते. त्या आवृत्तीला ‘बीटा’ म्हणतात. फॅनफिक्शनला या टप्प्याची गरज का भासली, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकनालिया’ हे नियतकालिक काढले, तेव्हा मजकूर छापण्यापूर्वी तो संपादकांच्या नजरेखालून जात असे. १९९८ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ आणि २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही संकेतस्थळे खुली झाली. तेथे कोणालाही कथा थेट प्रसिद्ध करता येते. छपाईचा खर्च गेला, त्याबरोबर संपादकाचा टप्पाही गेला.

बीटाचे काम केवळ शुद्धलेखन तपासण्याचे नाही. कोणी भाषा पाहतो, कोणी कथानकाची वीण, तर कोणी मूळ कलाकृतीशी असलेली सुसंगती. ‘हॅरी पॉटर’च्या चाहत्यांमध्ये ‘ब्रिटपिकिंग’ हा प्रकार रूढ झाला. अमेरिकी लेखकाच्या कथेतील ब्रिटिश विद्यार्थी अमेरिकी शब्द वापरू लागला, तर तो शब्द हेरणे हे अशा वाचकाचे काम. मराठीतही याची गरज भासू शकते. इंदूर किंवा बडोद्यात वाढलेल्या लेखकाने वऱ्हाडी बोलणारे पात्र उभे केले, तर ती बोली कानावर पडलेला वाचक एका बैठकीत अनेक चुका दाखवू शकतो.

मूळ कलाकृती बारकाईने जाणणारा बीटा काय करतो, हे शेरलॉक होम्सच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. एखाद्या नव्या कथेत १८९३ च्या हिवाळ्यात होम्स आणि वॉटसन बेकर स्ट्रीटवरील घरात गप्पा मारताना दाखवले, तर जाणकार वाचक लगेच अडेल. आर्थर कॉनन डॉयल यांच्या कथांनुसार १८९१ ते १८९४ या काळात होम्स मृत झाला, असा वॉटसनचा समज होता. मात्र प्रत्येक विसंगती ही नव्या लेखकाचीच चूक असेल असे नाही. वॉटसनची युद्धातील जखम ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये खांद्याला आहे, तर ‘द साइन ऑफ फोर’मध्ये पायाला. अशा वेळी बीटाने दोन्ही संदर्भ समोर ठेवावेत; निवड लेखकाने करावी.

योग्य बीटा शोधण्याचा खात्रीचा मार्ग वाचनातून जातो. आवडलेल्या कथेच्या प्रारंभीच्या किंवा अखेरच्या टिपणात लेखक अनेकदा आपल्या बीटाचे आभार मानतो. तेथून नावे कळतात. ‘फॅनफिक्शन डॉट नेट’वर बीटा वाचकांची सूचीही आहे. कथांवर नेमका, कारणांसह अभिप्राय देणारा वाचक हाही चांगला उमेदवार ठरतो. विनंती करताना मूळ कलाकृती, कथेची लांबी, तिचा प्रकार, त्यातील प्रौढ किंवा हिंसक आशय आणि अपेक्षित मुदत स्पष्ट सांगावी. संपूर्ण कादंबरी सोपवण्याआधी एखादे प्रकरण देऊन एकमेकांची कार्यपद्धती जुळते का, हे पाहणे श्रेयस्कर.

काम सुरू होताना सर्वाधिक महत्त्वाचा असतो तो प्रश्न. ‘कथा कशी वाटली?’ या प्रश्नाला बहुधा ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘तिसऱ्या प्रसंगातील भांडण अचानक उद्भवल्यासारखे वाटते का?’ असे विचारल्यास उपयोगी उत्तर येते. बीटानेही जागा, परिणाम आणि कारण या क्रमाने लिहावे : कोठे अडखळायला झाले, काय वाटले आणि का. सामायिक दस्तऐवजात मूळ मजकूर न बदलता समासात शेरे लिहिण्याची सोय असते. ती वापरल्यास लेखकाची वाक्ये शाबूत राहतात.

शेरे वाचल्यावर लगेच उत्तर देण्याचा मोह लेखकाने टाळावा. वाचक एखाद्या जागी कंटाळला असेल, तर तो कंटाळा खोटा नसतो. मात्र त्याने सुचवलेला उपाय योग्यच असेल असे नाही. म्हणून अडचण मान्य करून उपाय वेगळा शोधण्याची मुभा लेखकाला असते. नाकारलेल्या सूचनेबद्दल बीटाने नाराज होऊ नये आणि स्वतःच्या शैलीत कथा पुन्हा लिहू नये.

या व्यवहारात करार नसतो, विश्वास असतो. अप्रसिद्ध खर्डा अनुमतीविना तिसऱ्या व्यक्तीला देणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकणे हा विश्वासभंग ठरतो. लेखक किंवा बीटा अल्पवयीन असल्यास प्रौढ आशयाची देवाणघेवाण होऊ नये आणि घरचा पत्ता, शाळेचे नाव यांसारखा तपशील देऊ नये. काम जमत नसेल, तर मौन पाळण्यापेक्षा दोन ओळींत नम्रपणे तसे कळवणे बरे. उत्तराची वाट पाहत नवलेखकाची कथा महिनोन्‌महिने अडकून पडू शकते.

मराठीला ही परंपरा अगदीच परकी नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांशी त्यांच्या हस्तलिखितांविषयी बारकाईने चर्चा करण्यासाठी ओळखले जात. बीटाकडे संपादकाचा अधिकार नसतो. कथा नाकारण्याची सत्ता त्याच्या हाती नसते. त्यामुळे त्याचा शेरा पटला तरच स्वीकारला जातो आणि प्रसिद्ध झालेल्या कथेची जबाबदारी अखेर लेखकाचीच राहते. बीटाच्या वाट्याला येते ते टिपणातील आभाराचे एक वाक्य. ते लिहिण्यास लेखकाने विसरू नये.