डिव्हायडिंग हेड

डिव्हायडिंग हेड किंवा विभाजन शीर्ष हे मिलिंग यंत्राच्या टेबलावर बसवले जाणारे जोडसाधन आहे. गोल कार्यवस्तूच्या परिघाचे समान भाग पाडण्यासाठी त्याचा उपयोग होतो. गिअरचे दाते, रीमरच्या खाचा, बोल्टचे षट्कोनी माथे इत्यादी कामे त्याच्या साहाय्याने केली जातात.

रचना

साधनाच्या स्पिंडलवर सामान्यतः ४० दातांचे वर्म चक्र असते आणि ते एकेरी आट्याच्या वर्मने फिरते. क्रँकचे ४० फेरे झाले की स्पिंडलचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणजेच क्रँकच्या एका फेऱ्याने कार्यवस्तू ९ अंशांतून फिरते. फेऱ्याचा अपूर्णांक मोजण्यासाठी इंडेक्स प्लेट वापरतात. या प्लेटवर समान अंतरावरील छिद्रांची अनेक वर्तुळे असतात. ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या तीन प्लेटवरील छिद्रसंख्या अशा :

* पहिली : १५, १६, १७, १८, १९, २०
* दुसरी : २१, २३, २७, २९, ३१, ३३
* तिसरी : ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९

गणना

परिघाचे जितके भाग पाडायचे, त्या संख्येने ४० ला भागले असता क्रँकचे फेरे मिळतात. २८ दातांच्या गिअरसाठी ४०/२८ म्हणजे १ पूर्ण ३/७ फेरे येतात. ३/७ = ९/२१ असल्याने प्रत्येक दात्यानंतर एक पूर्ण फेरा आणि २१ छिद्रांच्या वर्तुळावर ९ अंतरे पुढे जावे लागते. या तीन प्लेटवर ५० पर्यंतचे सर्व विभाग साध्या पद्धतीने पाडता येतात. ५१ साठी मात्र योग्य वर्तुळ नसल्याने डिफरन्शियल इंडेक्सिंगचा आधार घ्यावा लागतो.

दक्षता

छिद्रे न मोजता त्यांमधील अंतरे मोजावीत. ९ अंतरांसाठी सेक्टर आर्ममध्ये, पिन असलेले छिद्र धरून, १० छिद्रे येतात. चुकून ८ अंतरे घेतली, तर २८ वेळा सरकवल्यानंतर १२ अंशांची तूट पडते आणि जवळजवळ पूर्ण झालेला गिअर वाया जातो. वर्ममधील ढिलाईचा परिणाम टाळण्यासाठी क्रँक नेहमी एकाच दिशेने फिरवतात. पिन छिद्रापुढे गेल्यास क्रँक बराच मागे नेऊन पुन्हा पुढे आणतात. कर्तनापूर्वी स्पिंडल जखडणे आवश्यक असते.

शिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मशिनिस्ट व्यवसायात आणि यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत इंडेक्सिंग शिकवले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा भागात १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तसेच शासकीय तंत्रनिकेतन आहे. संगणक-नियंत्रित यंत्रांवर हे विभाजन आपोआप होत असले, तरी त्यामागील गणित समजण्यासाठी हे साधन आजही उपयुक्त आहे.