टिळकांची दीर्घ दीक्षा
१८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा होताच नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती साधना पुरी झाली, असे मानणाऱ्यांना हे ठाऊक नसते की, आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने दिलेला नवा करार वाचताना गिरिप्रवचनापाशी थबकलेला हा कवी पुढेही आमरण शिष्यच राहिला. अभंगरचना ही त्यांची उपासना, आणि स्वभाव तापट, लहरी (पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ त्याची खुसखुशीत साक्ष देतात!) असल्यामुळे आत्मसंयम हीच, माझ्या मते, त्यांची खडतर तपश्चर्या. १९१७ साली, म्हणजे मृत्यूच्या अवघी दोन वर्षे आधी, मिशनच्या वेतनावर पाणी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही मुक्तद्वार ठेविले.