भोगीची भाकरी आणि देवीची लस

माणदेशात, दहिवडी-म्हसवडच्या बाजूला पाऊस तुटपुंजा, म्हणून बाजरी हे हक्काचे धान्य. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी घरोघरी होते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तली ऋतुचर्याही हेच सांगते, की थंडीत भूक वाढते, तेव्हा स्निग्ध आणि भरपूर खावे. बाजरीत लोह आहे, तिळात कॅल्शियम. आजार येण्याआधीच शरीर राखण्याचा हा विचार सणाच्या आधाराने टिकला. त्याची ताकद इथे आहे, कुठल्या दैवी गुणात नाही.

मग १८९६ नंतरच्या प्लेगने माणसे का नेली, हा आक्षेप रास्तच. चांगला आहार प्लेगचे जंतू अडवत नाही. चरकसंहितेलाही निराळ्या प्रकृतीची माणसे एकाच वेळी का मरतात हा प्रश्न पडला होता, आणि ‘जनपदोद्ध्वंस’ प्रकरणात तिने बिघडलेली हवा, पाणी, भूमी आणि काळ ही कारणे दिली. (मुळाशी अधर्म ठेवला, तो भाग आज सोडून द्यावा.) म्हणजे साथीपुढे एकट्याचे पथ्य अपुरे, हे परंपरेनेच ओळखले होते. शीतळादेवीला नैवेद्य दाखवणाऱ्या या देशातून देवीचा रोग १९७५ मध्ये हटला तो लसीकरणाने. तेव्हा भोगीची भाकरी जरूर खा, पण मुलांची लस चुकवू नका.