डी.ओ. विद्यार्थी आणि शल्यचिकित्सेचे अरुंद द्वार

रुग्णाच्या देहावर शस्त्र चालविण्याचा अधिकार कोणत्याही देशात सहजासहजी प्राप्त होत नाही. अमेरिकेत त्यासाठी नुसती वैद्यकीय पदवी पुरत नाही. पदवीनंतर रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून सर्वसाधारण शल्यचिकित्सेसाठी किमान पाच वर्षे, तर मेंदू व मज्जारज्जूच्या शल्यचिकित्सेसाठी सात वर्षे प्रशिक्षण घ्यावे लागते. या प्रशिक्षणाच्या जागा मोजक्या आणि इच्छुक पुष्कळ. ही स्पर्धा सर्वांनाच कठीण असली, तरी डी.ओ. विद्यार्थ्यांना ती अधिक कठीण जाते. त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

दोन पदव्या, एकच व्यवसाय

आपल्याकडे एम.डी. ही पदव्युत्तर पदवी आहे. अमेरिकेत मात्र ती मूळ वैद्यकीय पदवी होय. तिच्याच तोडीची दुसरी पदवी म्हणजे डी.ओ., अर्थात ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी. नावावरून ही केवळ हाडांची चिकित्सा असावी असा समज होण्याचा संभव आहे. परंतु तो बरोबर नाही. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा हाताने उपचार करणारा व्यावसायिक असतो. अमेरिकेतील डी.ओ. हा औषधे देणारा व शस्त्रक्रिया करणारा पूर्ण डॉक्टर असतो. इतर वैद्यकीय विषयांबरोबरच तो स्नायू व सांध्यांवरील हस्तोपचारही शिकतो, एवढाच अभ्यासक्रमातील ठळक फरक.

या पद्धतीचे प्रवर्तक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले महाविद्यालय स्थापन केले. त्यानंतर दीर्घकाळ प्रस्थापित वैद्यकविश्वाने या पदवीधरांना आपले मानले नाही. १९६६ मध्ये सैन्यदलाने डी.ओ. डॉक्टरांना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेण्याचे मान्य केले आणि १९७३ पर्यंत सर्व राज्यांनी त्यांना पूर्ण व्यवसायाधिकार दिले. आज अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी डी.ओ. पदवीचे शिक्षण घेत आहेत.

एकीकरणाचा लाभ आणि त्याची किंमत

पूर्वी ऑस्टिओपॅथिक संस्थांची स्वतःची निवासी प्रशिक्षण केंद्रे होती. तेथील शल्यचिकित्सेच्या जागा डी.ओ. पदवीधरांसाठीच राखीव असत. २०१४ मध्ये झालेल्या करारानुसार दोन्ही प्रवाहांची मान्यता-पद्धती एक करण्याचे ठरले आणि २०२० च्या जूनअखेर हे काम पूर्ण झाले. यामुळे सर्व केंद्रांना एकच मानदंड लागू झाला, ही मोठीच प्रगती होय. तथापि राखीव जागांचे कुंपणही त्याबरोबर नाहीसे झाले. या जागांसाठी एम.डी. विद्यार्थीही अर्ज करू लागले, तर नव्या मानदंडांची पूर्तता करू न शकलेली काही केंद्रे बंद पडली. समानता आली, पण तिच्याबरोबर संरक्षण गेले.

निवड कशी होते?

विद्यार्थी आपल्या पसंतीच्या केंद्रांची क्रमवार यादी देतात. केंद्रेही उमेदवारांची यादी देतात. संगणकाच्या साहाय्याने दोहोंचा मेळ घातला जातो. मार्चमधील एका सोमवारी विद्यार्थ्याला जागा मिळाली की नाही एवढेच कळते. ती कोठे मिळाली हे शुक्रवारी समजते. २०२४ मध्ये अंतिम वर्षाच्या ९२ टक्क्यांहून अधिक डी.ओ. विद्यार्थ्यांना या पद्धतीने जागा मिळाल्या. एम.डी. विद्यार्थ्यांचे प्रमाण याहून थोडेसेच अधिक होते.

ही एकूण आकडेवारी समाधानकारक असली, तरी ती सर्व शाखांचे चित्र दाखवीत नाही. डी.ओ. पदवीधर कुटुंबवैद्यक व अंतर्गत वैद्यक यांसारख्या शाखांकडे मोठ्या संख्येने वळतात. सर्वसाधारण व अस्थिशल्यचिकित्सेतही त्यांचे अस्तित्व आहे. मेंदूची शल्यचिकित्सा आणि प्लास्टिक सर्जरी या शाखांत मात्र त्यांची संख्या अत्यल्प आहे.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण परीक्षांची. डी.ओ. विद्यार्थ्यांना कॉमलेक्स ही स्वतंत्र परीक्षामालिका द्यावी लागते. शल्यशाखांची अनेक केंद्रे मात्र एम.डी. विद्यार्थ्यांच्या यू.एस.एम.एल.ई. परीक्षेचे गुण पाहतात. परिणामी अनेक विद्यार्थी दोन्ही परीक्षा देतात. २०२२ पासून दोन्ही परीक्षांच्या पहिल्या टप्प्यात केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच निकाल दिला जातो. त्यामुळे गुणांच्या बळावर लवकर ठसा उमटविण्याची एक संधी संपली आणि दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व वाढले.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. अनेक ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालय नसते. विद्यार्थी निरनिराळ्या स्थानिक रुग्णालयांत विखुरले जातात. ज्याच्या हाताखाली काम करावे, संशोधन करावे आणि ज्याचे शिफारसपत्र मिळवावे, असा नामवंत शल्यविशारद त्यांना घरच्या घरी लाभत नाही. म्हणून अंतिम वर्षात ते दूरच्या रुग्णालयांत सुमारे महिनाभराच्या उमेदवारीसाठी जातात. तेथील प्रवास आणि निवासाचा खर्च शैक्षणिक कर्जाच्या ओझ्यात भर घालतो. परंतु पहाटे वॉर्डात हजर राहणारा, शस्त्रक्रियागृहात दक्ष असणारा विद्यार्थी तेथील शिक्षकांना प्रत्यक्ष पाहता येतो आणि पदवीच्या अक्षरांपेक्षा त्याचे काम बोलू लागते.

जागा न मिळाल्यास उरलेल्या जागांसाठी त्याच आठवड्यात धावपळ करावी लागते. काही जण शल्यविभागातील एक वर्षाची तात्पुरती जागा स्वीकारतात, काही जण संशोधनात वर्ष घालवून पुन्हा अर्ज करतात, तर काही जण शाखाच बदलतात.

प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही

ग्रामीण व वैद्यकीय सोयींपासून वंचित भागांना डॉक्टर पुरविणे हे अनेक ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांचे घोषित ध्येय आहे. अशा भागांना कुटुंबवैद्याइतकीच शल्यचिकित्सकाचीही निकड असते. अपघातात मोडलेला पाय किंवा फुटलेले आंत्रपुच्छ दूरच्या शहराची वाट पाहू शकत नाही. कायद्याने दिलेली समानता निवडीच्या दालनातही उतरावयाची, तर या विद्यार्थ्यांना शिक्षणकाळातच शल्यविभाग, संशोधन व मार्गदर्शक उपलब्ध व्हावयास हवेत. प्रवेशद्वार सर्वांना खुले झाले आहे. आता त्या द्वारापर्यंतची वाटही सारखी व्हावयास हवी.