गाडीतल्या स्टिरिओचे वॅट

गाडीच्या डेकच्या दर्शनी पट्टीवर बहुधा ‘५० वॅट × ४’ असे ठळक छापलेले असते. त्याच डेकच्या माहितीपुस्तिकेत, शेवटच्या पानांवर, बारीक टाइपात २२ वॅट × ४ असा दुसरा आकडा असतो. दोन्ही आकडे एकाच यंत्राचे आहेत आणि दोन्हींमागे खरे गणित आहे. गाणे ऐकणाऱ्याच्या कामाचा आकडा मात्र दुसरा. असे का, हे बॅटरीपासून हिशेब मांडला की कळते.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन सुरू असताना अल्टरनेटर तिला साधारण १३.५ ते १४.४ व्होल्टवर ठेवतो. डेकमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला वापरायला एवढाच दाब मिळतो. गाडीतले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात. व्होल्टच्या वर्गाला ओहमने भागले की वॅट मिळतात. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ४ ने भागले की ५२. डेकवरचे ५० वॅट आले ते इथून. पण हा हिशेब दाब सतत टोकालाच असेल तेव्हाचा आहे. अशा तरंगाला चौकोनी तरंग म्हणतात आणि तो स्पीकरमधून नुसता खरखरतो. शुद्ध स्वराचा तरंग गोलाईने चढतो-उतरतो, त्यामुळे त्याची सरासरी शक्ती बरोबर निम्मी, म्हणजे २६ वॅट भरते. ट्रान्झिस्टरमध्ये एक-दीड व्होल्ट खर्ची पडतो. उरलेल्या १३ व्होल्टचा हिशेब २१ वॅटवर येतो. माहितीपुस्तिकेतले २२ वॅट याच आसपासचे आहेत.

हे २१ वॅटसुद्धा एका खास जोडणीमुळे मिळतात. तिला ब्रिज म्हणतात. यात स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट हलवली जातात, त्यामुळे पूर्ण १४.४ व्होल्ट दोन्ही दिशांना कामी येतात. साध्या जोडणीत निम्माच दाब मिळतो आणि शक्ती चौपटीने घटते. ती सहा-साडेसहा वॅटच्या पुढे जात नाही.

एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची टीडीए ७८५० ही चिप डेकमध्ये वापरण्यासाठीच बनवलेली आहे. तिच्या माहितीपत्रकात ४ ओहमला ‘कमाल ५० वॅट’ लिहिले आहे आणि त्याखालीच १४.४ व्होल्टवर, १० टक्के विकृतीसह ३० वॅट. विकृती म्हणजे मूळ ध्वनीत नसलेली, यंत्राने स्वतःहून घातलेली भर. १० टक्के विकृती कानाला सहज बोचते. १ टक्क्याच्या आत राहायचे तर हे ३० वॅट आणखी खाली येतात. म्हणून वॅटच्या आकड्याशेजारी किती व्होल्ट, किती ओहम आणि किती टक्के विकृती हे दिलेले नसेल, तर तो आकडा अर्धवट समजावा.

खोक्यावरची नावे यातूनच निघाली आहेत. आरएमएस म्हणून जे वॅट छापतात ते सतत चालू शकणाऱ्या सरासरी शक्तीचे. खरेदी करताना याच आकड्यावर विसंबावे. पीक किंवा मॅक्स म्हणजे क्षणभराची कमाल, आणि शुद्ध स्वरात ती सरासरीच्या दुप्पट असते. पीएमपीओ मात्र कुठल्याच मान्य मोजणीत बसत नाही. आपल्याकडे हातात धरता येतील एवढ्या स्पीकरवरही हजार वॅट पीएमपीओ छापलेले लोकांनी पाहिले आहे. तो आकडा सरळ सोडून द्यावा.

अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीतल्या वॅटसाठी १९७४ पासून सरकारी नियम आहे, पण गाडीतली यंत्रे त्यात येत नाहीत. ती उणीव तिथल्या ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये सीईए-२००६ या मानकाने भरून काढली. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती व गोंगाट, या अटींवर मोजलेले वॅटच त्यात धरले जातात. संघटनेचे नाव बदलल्यावर ते सीटीए-२००६ झाले. ते ऐच्छिक आहे, तरी ज्या खोक्यावर ते नमूद आहे त्यावरचे वॅट एकमेकांशी ताडून पाहता येतात, आणि ही मोठीच सोय आहे.

डेकच्या पुढे जायचे तर वेगळा अ‍ॅम्प लागतो. त्याच्या पोटात बॅटरीचा दाब वाढवणारा भाग असतो, त्यामुळे १४.४ व्होल्टची मर्यादा सुटते. प्रवाहाची मर्यादा मात्र सुटत नाही, आणि ती अ‍ॅम्पच्या कडेला खोचलेल्या फ्यूजवर लिहिलेली असते. ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर आत जाणारी शक्ती ६० गुणिले १३.८, म्हणजे सुमारे ८२८ वॅट. क्लास डी जातीचा अ‍ॅम्प यातले ८० टक्के स्पीकरकडे पोहोचवतो, म्हणजे साधारण ६६० वॅट. क्लास एबी जातीचा जेमतेम ४००-५००. फ्यूज थोडा जादा भार काही क्षण सोसतो, म्हणून हा अंदाज ढोबळच आहे. पण अशा अ‍ॅम्पच्या खोक्यावर ३००० वॅट छापलेले असतील तर ते सतत मिळणे शक्य नाही, हे सांगायला तो पुरेसा आहे.

अ‍ॅम्पच्या तक्त्यात ४ ओहमला एक, २ ओहमला जवळजवळ दीडपट ते दुप्पट असे आकडे असतात. रोध घटला की प्रवाह वाढतो, त्याचा हा परिणाम. जाहिरातीत सर्वांत कमी ओहमचा आकडा उचलतात. गाडीत ४ ओहमचा वूफर असेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

स्पीकरवरचे वॅट वेगळ्या अर्थाचे आहेत. स्पीकर शक्ती तयार करत नाही. किती सोसतो, एवढेच तो आकडा सांगतो. स्पीकरला दिलेल्या १०० वॅटमधला एखादाच वॅट, बहुधा त्याहूनही कमी, आवाज होऊन बाहेर पडतो. बाकीची उष्णता कॉइलमध्ये साठते. ती मर्यादेबाहेर गेली की कॉइलचा डिंक वितळतो आणि स्पीकर जळतो. खालच्या सुरांना दुसरी मर्यादा असते: पडदा प्रमाणाबाहेर हलला की कमी वॅटलाही फाटतो.

लहान अ‍ॅम्पने स्पीकर जळतात, असे गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. निव्वळ कमी शक्तीने काहीच जळत नाही. जळतो तो क्षमतेपलीकडे रेटलेल्या अ‍ॅम्पमुळे. आवाजाची कळ पूर्ण फिरवली की तरंगाची टोके कापली जातात, गोल तरंग चौकोनी होत जातो आणि ५० वॅटचा अ‍ॅम्प शंभराच्या जवळ शक्ती ओतू लागतो. कापलेल्या टोकांतून वरचे सूर भरमसाट वाढतात आणि बारीक तारेचा ट्वीटर पहिला जातो. त्यामुळे स्पीकरच्या आरएमएस आकड्याइतका किंवा थोडा जास्त क्षमतेचा अ‍ॅम्प घेऊन तो आरामात चालवणे अधिक सुरक्षित ठरते.

शेवटी प्रश्न उरतो आवाज किती मोठा येईल याचा, आणि त्याचे उत्तर एकट्या वॅटमध्ये नसते. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि हा फरक कानाला बेताचाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. उलट ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९१ डेसिबलचा बसवला, तर २० वॅटमध्ये ४० वॅटचे काम होते. मात्र हा आकडा १ वॅटवर मोजला आहे की २.८३ व्होल्टवर, हे पाहावे लागते. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. त्यामुळे व्होल्टवर मोजलेल्या ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच तो १ वॅटवर मोजलेल्या स्पीकरशी ताडावा.